जाणाऱ्याचा फोटो

समीक्षाने अंगणात तीन पायांचा कॅमेरा उभा केला, तेव्हा जब्बार म्हशीखालून उठत होता. कॅमेऱ्याचं काळं भिंग आपल्याकडे वळलेलं त्याने पाहिलं आणि हातातली बादली अशी हिंदकळली की शेरभर दूध मातीत गेलं. एकतीस वर्षांत त्याच्या हातून दूध सांडलं नव्हतं. म्हशीने वळून पाहिलं. ओसरीतून मालकीण सत्यभामाबाईंनी पाहिलं. समीक्षा मात्र म्हणाली, "छान आलं, चाचा. आता परत एकदा उठाल का? बादली न सांडता."

जब्बार परत बसला, परत उठला. दूध काढून झाल्यावर हा माणूस पुन्हा खाली का बसतो हे म्हशीला कळेना, तिने शेपटी त्याच्या तोंडावर मारली. समीक्षाने तेही टिपलं आणि मग म्हशीचेही वेगळे दोन-तीन घेतले.

समीक्षा म्हणजे मालकांची, नारायणरावांची नात, हरिओमची मुलगी. चौथीपर्यंत ती अमडापुरातच होती, जब्बारच्या सायकलच्या दांडीवर बसून शाळेत जायची. पुढे बापाने पुण्याला नेलं. तिथे ती आता सिनेमा करायचं शिकत होती आणि शेवटच्या वर्षाला तिला वीस मिनिटांचा माहितीपट करून द्यायचा होता. विषय तिने आपणहून निवडला होता : आमच्या घरी एकतीस वर्षं असलेला जब्बारचाचा. दुसऱ्या कुणावर सिनेमा निघाला असता तर तो गावभर मिरवला असता. जब्बार मात्र धास्तावला, आणि पाडव्यापर्यंतचे आठ दिवस तसाच धास्तावलेला राहिला. का, ते कळायला त्या घराची एक रीत माहीत हवी.

नारायणरावांच्या वडलांना, म्हणजे थोरल्या मालकांना, फोटोचा तिटकारा होता. त्यांचं म्हणणं असं की, "घरात हाये त्याचा फोटो कायले पाह्यजे? तो तं रोज दिसते." म्हणून तालुक्याहून, चिखलीहून फोटोवाला यायचा तो फक्त कुणी जाणार असेल तेव्हा. थोरली लेक सासरी निघाली, फोटो. हरिओम सुटकेस घेऊन पुण्याला निघाला, फोटो. पाखऱ्या-चंद्या ही बैलजोडी खामगावच्या बाजारात न्यायची होती, त्या सकाळी दोघांच्या शिंगांना तेल लावून फोटो. ट्रॅक्टरच्या शेडसाठी अंगणातला निंब तोडायचा होता, तर आदल्या दिवशी निंबाचाही फोटो. शेवटी थोरले मालक स्वतः दुखण्याला पडले. औरंगाबादच्या दवाखान्यात हलवायचं ठरलं तेव्हा ते म्हणाले, "चिखलीवाल्याले बोलवा." घरातल्या सगळ्यांना काय ते कळलं. त्यांना खुर्चीत बसवून फोटो काढला, आणि ते गेले ते परत आले नाहीत.

असे आणखी दोन धरून सात फोटो बैठकीच्या भिंतीवर एका ओळीत होते. बैलांच्या फोटोत कडेला कासरा धरलेला एक हात दिसतो, तो जब्बारचा. बाकी जब्बार त्या भिंतीवर कुठे नव्हता, आणि ते त्याला फार बरं वाटायचं. भिंतीवर नाही म्हणजे घरात आहे, असा साधा हिशेब होता. पुढे मोबाईल आले, पोरं ऊठसूट फोटो काढू लागली, पण ते फोटो जब्बारच्या लेखी डासासारखे, आले नि गेले. तीन पायांवर उभा राहून माणसाकडे रोखून बघणारा कॅमेरा ही गोष्ट वेगळी. तो चिखलीवाल्याचाच होता, फक्त आता पुण्याहून आला होता.

त्यातून पाडवा आठ दिवसांवर.

सालाने राहणाऱ्या गड्याचं वर्ष पाडव्याला संपतं आणि पाडव्यालाच लागतं. जब्बार पिंजाऱ्याचा पोरगा. सत्याऐंशी साली बापाबरोबर धनुकली घेऊन या घरी आला, तो थोरल्या लेकीच्या लग्नाच्या गाद्या पिंजायला. बाप चार दिवसांत काम आटोपून पुढच्या गावाला निघाला. जब्बारने त्या चार दिवसांत म्हशीला पाणी पाजलं, मोडलेलं दार बसवलं, विहिरीत पडलेला पोहरा काढला. पाडवाच होता. गुढीची पूजा करून नारायणराव ओट्यावर बसले होते. तेव्हा ते चाळिशीचे होते. त्यांनी विचारलं, "राहतो का, जब्बार?"

"राह्यतो, मालक."

नारायणरावांनी त्याच्या हातात साखरेची गाठी ठेवली, चहा आला, साल ठरलं. त्यानंतर तीस पाडवे हेच. प्रश्न दोन शब्दांचा, उत्तर एका शब्दाचं, मग गाठी, मग चहा. सगळा कारभार मिनिटभराचा, पण त्या मिनिटाच्या आधाराने जब्बारने लग्न केलं, गोठ्याशेजारच्या खोलीत संसार मांडला, लेकीला, रुबिनाला वाढवलं, जानेफळला देऊन टाकलं. "नाही राह्यत" म्हणणारेही गडी झाले, दोघं. त्यांनाही मालक त्या दिवशी पुरणपोळी खाऊ घालून गावाच्या वेशीपर्यंत स्वतः पोचवायला गेले. ही रीत गावात सगळे वाखाणत.

मात्र विचारायचं ते मालकाने. गड्याने आपल्या तोंडाने "मले ठेवता का?" म्हणायचं नसतं. ते म्हणजे जेवायला बसल्यावर स्वतःच्या हाताने वाढून घेण्यासारखं. जब्बार नाकासमोर चालणारा माणूस. तो ही रीत मोडणं शक्य नव्हतं.

तर आता खुणा एकेक मोजून पाहू, म्हणजे जब्बारने जशा मोजल्या तशा. पहिली खूण कापसाची. बीटीचं बियाणं नवं आलं तेव्हा या घरात आनंदीआनंद होता. फवारणीचे पंप खुंटीला लटकले, वेचणीला गावातल्या बाया पुरेनात, शेजारच्या गावाहून टेम्पोने आणाव्या लागायच्या. पुढे पुढे पंप खुंटीवरून खाली आले. आणि गेल्या दिवाळीनंतर तर कहरच झाला. पऱ्हाटी माणसाच्या छातीएवढी, बोंडं भरगच्च, पण उमलेचनात. जब्बारने एक बोंड दातांनी फोडलं तर आत गुलाबी अळी आरामात बसलेली. दुसरं फोडलं, तिसरं फोडलं. निघाला तो सगळा पिवळा पडलेला, किडका कवडी कापूस. वेचणाऱ्या बाया म्हणाल्या, ह्याले वेचण्यापक्षा न वेचलेला बरा. जानेवारीत नारायणरावांनी उभ्या पिकावर ट्रॅक्टर घालायला सांगितलं. जब्बारने रोटाव्हेटर फिरवला. मालक तेवढा वेळ बांधावर वावराकडे पाठ करून उभे होते, आणि झाल्यावर "चाल घरी" एवढंच म्हणाले. तेव्हापासून त्यांचं बोलणं आटलं होतं.

दुसरी खूण अर्जुनरावांची. हा जानेफळकडचा माणूस, दुसऱ्यांची वावरं मक्त्याने करतो. वर्षाचा एक आकडा ठरवायचा, आपली यंत्रं आणायची, आपली माणसं आणायची. फेब्रुवारीत तो आला आणि नारायणरावांबरोबर बांधाबांधाने फिरला. जब्बारने चहा नेला तेव्हा अर्जुनरावाने विचारलं, "हा तुमचा गडी का?" आणि नारायणराव म्हणाले, "हाव." पुढे काहीच बोलले नाहीत. एरवी "गडी कायचा, घरचाच हाये" असं म्हणायचे. तो "हाव" जब्बारच्या कानात महिनाभर वाजत राहिला.

तिसरी खूण सर्वांत वाईट, कारण ती त्याची स्वतःची होती. बीटीच्या पाकिटासोबत एक छोटी पुडी येते. त्यात साधं, बीटी नसलेलं बी असतं आणि ते वावराच्या कडेने लावायचं असतं. अळीने ते खावं आणि बीटीला सोकावू नये म्हणून. इतकी वर्षं ते बी जब्बारने कडेने कधी लावलंच नाही. जिथे उगवण झाली नाही तिथले नांगे भरायला, म्हणजे रिकाम्या जागी टोबायला वापरलं. अख्खा गाव हेच करायचा. पण बोंडअळीच्या धुमाळीत टीव्हीवर कोणी साहेब आला आणि बोट नाचवत म्हणाला, ती पुडी लावली नाही म्हणून अळी माजली. उंबऱ्यात बसून टीव्ही बघणारा जब्बार गार पडला. आत खाटेवर मालक बसले होते. त्यांनी आपल्याकडे वळून पाहिलं, असं जब्बारला वाटलं. खरं तर ते पानाचा डबा शोधत होते. पण मन चिंती ते वैरी न चिंती.

आणि या सगळ्यावर कळस म्हणून कॅमेरा.

"ताई, म्हशीचा बी फोटो काढला तुमी?" त्याने पहिल्याच दिवशी हळूच विचारलं.

"हो. का?"

"नाही, असंच." म्हणजे म्हैसही चालली, त्याने मनात नोंद केली.

समीक्षा गुणी पोरगी होती, पण कॅमेरा हातात आला की माणूस दुसऱ्याचा जीव खातो, हे तिलाही चुकलं नाही. "चाचा, इकडे बघू नका. मी नाहीच आहे असं समजा." आता ज्या पोरीचं नाक आपण पुसलं ती समोर असताना नाही असं कसं समजायचं? "चाचा, विहिरीवरून परत चालत या, जरा हळू." पाणी आणणारा माणूस हळू कशाला चालेल? पण जब्बार हळू चालला, कारण त्याला वाटलं, शेवटचं चालणं असंच घेत असतील. तो चारा टाकताना, दोर वळताना, नारायणरावांचे जोडे पुसताना असा सगळा त्याचा दिवस तिने तुकड्यातुकड्याने डब्यात भरला. चौथ्या दिवसापासून तिने आणखी एक सांगितलं. बैठकीत दिवे लावलेत, आजीचं बोलणं घेतेय, तेव्हा आत येऊ नका. चहाचे कप उचलायलाही नको, मीच आणून देईन. एकतीस वर्षांत पहिल्यांदा त्या बैठकीचं दार जब्बारला लोटलेलं दिसलं.

संध्याकाळी सरवरी, त्याची बायको, चुलीपुढे भाकरी थापत होती. तोंडाने तिखट, पण नवऱ्याच्या चेहऱ्यावरची सुरकुती न् सुरकुती वाचणारी बाई.

"चार दिसापासून अर्धी भाकर खाऊन राह्यले तुमी," ती म्हणाली. "सिनेमात बारीक दिसाचं हाये का?"

जब्बारने मग सगळं सांगितलं. फोटो, अर्जुनराव, पुडी, लोटलेलं दार.

सरवरीने भाकरी उलटली. "मंग इचारा न मालकाले सरळ."

"मी कसा इचारू? इचाराचं त्याहीनं असते."

"त्याहीनं नाहीच इचारलं तं?"

छप्पन वर्षांचा गडी दुसरा कोण धरतो? धनुकली तर कधीच वाळवीने खाल्ली होती, आणि आता गाद्या दुकानात तयार मिळत होत्या. खोली मालकाची, गोठा मालकाचा. जावयाच्या दारी जाऊन बसायचं म्हणजे रुबिनाला खाली पाहायला लावायचं. सरवरी पुढे काही बोलली नाही. पण दुसऱ्या दिवशी तिने पाडव्यासाठी खोली सारवायला आणलेली माती तशीच कोपऱ्यात राहू दिली, हे त्याने पाहिलं. बायका बोलत नाहीत तेव्हा जास्त भीती वाटते.

पाडव्याच्या आदल्या दिवशी समीक्षा त्याला वावरात घेऊन गेली. नांगरून पडलेली काळी जमीन, कडेला पऱ्हाटीच्या काड्यांचा ढीग. तिने त्याला ढिगाजवळ बसवलं, कॅमेरा लावला आणि विचारलं, "चाचा, आमच्या घरासाठी तुम्ही कोण आहात असं तुम्हाला वाटतं?"

हा प्रश्न ऐकून भल्याभल्या शिकलेल्यांची दातखीळ बसावी. जब्बारला त्यात एकच गोष्ट ऐकू आली. हिशेब मिटवताना विचारतात तसं हे विचारताहेत. कॅमेऱ्यावर एक लाल ठिपका पेटला होता. तो ठिपका बघता बघता त्याच्या तोंडून सगळं निघून गेलं.

"ताई, चूक झाली माह्या हातून," तो म्हणाला. "ते बारक्या पुडीतलं बी मी कडेनं नाही लावलं. नांग्यात टोबलं. एक साल नाही, बारा-तेरा साल. त्याच्यानं अळी आली. तुमच्या आबाचं पीक माह्याच्यानं गेलं. तुमी त्याहीले सांगा. माह्या तोंडानं नाही होत. मी दुसरं सगळं नीट केलं. म्हशीले कधी उपाशी नाही ठेवलं. तुमाले सायकलवरून कधी पाडलं नाही."

समीक्षाला बोंडअळीतलं काही कळत नव्हतं. समोरचा माणूस खरं बोलतोय एवढं कळलं, आणि सिनेमावाल्यांना तेवढं पुरतं. पण मग तिच्या डोळ्यांतून एकदम पाणी यायला लागलं आणि तिने कॅमेरा बंद केला. "चाचा, मी काही सांगू शकत नाही," ती म्हणाली. "आबा म्हणालेत, मीच सांगीन." एवढं बोलून तिने जीभ चावली.

म्हणजे सांगण्यासारखं काहीतरी आहे. जब्बार घरी परतताना वाटेत दोनदा थांबला, पायात काटा मोडल्यासारखा.

त्याच संध्याकाळी हरिओम मोठी गाडी घेऊन पुण्याहून आला. गाडी जवळजवळ रिकामी होती, फक्त मागे पुठ्ठ्याची खोकी, घडी करून ठेवलेली. कॅमेऱ्याचं सामान न्यायचं असेल, जब्बारने स्वतःला समजावलं. हरिओमने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि "बरा हायेस न, जब्बार?" विचारून उत्तर न ऐकताच आत गेला.

पाडवा रविवारी आला. जब्बारने पहाटे वेळू धुतला, तेल लावून ओट्याला टेकवला, निंबाचा डहाळा आणून ठेवला. वेळू त्याने आणायचा आणि गुढी घरच्यांनी उभारायची, तिला हात घरच्यांचाच लागायचा, असं पहिल्यापासून चालत आलेलं. नारायणराव आणि हरिओमने गुढी उभारली. वर तांब्या, खाली साडीचा पदर, निंब, गाठी. पूजा झाली. नारायणराव ओट्यावर बसले. त्यांच्या सदऱ्याच्या खिशात काहीतरी होतं, खिसा फुगलेला दिसत होता. जब्बार नेहमीच्या जागी, पायरीच्या उजव्या हाताला उभा राहिला. नारायणरावांनी त्याच्याकडे पाहिलं. मग गुढीकडे पाहिलं. मग ते उठले आणि आत गेले.

जब्बार तिथेच उभा राहिला. ऊन पायरीवर आलं. आत भांड्यांचे, खोक्यांचे, चिकटपट्टी फाडल्याचे आवाज होत होते, पण त्याला काही ऐकू येत नव्हतं. एकतीस वर्षं ज्याच्या आधाराने उभा होता ते मिनिट येऊन निघून गेलं होतं. आता मी कुठं जाऊ, एवढंच त्याच्या डोक्यात फिरत होतं.

तासाभराने सगळे बाहेर आले. सत्यभामाबाईंनी लग्नातला शालू नेसला होता. हरिओमने बैठकीतली लाकडी खुर्ची बाहेर आणून ओट्यावर ठेवली आणि नारायणरावांना तिच्यात बसवलं. समीक्षाने अंगणात कॅमेरा लावला, पण तोंड ओट्याकडे.

"चाचा," ती म्हणाली, "मलाही यात यायचंय. तुम्ही घ्याल का आमचा? फक्त हे लाल बटण दाबायचं."

जब्बार कॅमेऱ्यामागे गेला. आठ दिवस ज्या भिंगाला तो घाबरला त्याच्या पाठीमागे एक छोटी काच होती आणि काचेत सगळं घर मावलं होतं. मधोमध खुर्ची. ती खुर्ची त्याने ओळखली. थोरल्या मालकांना औरंगाबादला नेण्याआधी याच खुर्चीत बसवलं होतं. तिच्यात नारायणराव, शेजारी बाई, एक हात खांबाला लावून, जसा म्हाताऱ्या जनावराला लावतात. मागे हरिओम आणि समीक्षा. आणि त्यांच्या मागे बैठकीचं दार सताड उघडं. आतल्या भिंतीवर फोटो नव्हते. फोटोंच्या जागी सात कोरे चौकोन होते, भिंतीपेक्षा उजळ.

जब्बारने बटण दाबलं. लाल ठिपका पेटला. समोर कुणी हललं नाही. जब्बार काचेत बघत राहिला. खोकी कशाची, दार का लोटलेलं, बाईंनी शालू का नेसला, सगळं त्याला एकदम कळलं. फोटो जाणाऱ्याचाच काढतात. रीत बरोबर होती. जाणारा कोण, तेवढं त्याचं चुकलं होतं.

तो कॅमेऱ्यामागून डोकं वर न काढताच बोलला. "मालक, तुमी राह्यता का?"

बाईंनी पदर तोंडाला लावला. गुढीची साडी वाऱ्याने हलली तेवढीच.

"नाही रे, जब्बार," शेवटी नारायणराव म्हणाले. "जाऊन राह्यलो."

मग त्यांना थांबवेना. हरिओमकडे, पुण्याला. गुडघे गेले, बाईंचं डोळ्यांचं ऑपरेशन आहे, आणि त्या जानेवारीनंतर वावरात पाय टाकवत नाही. वावर अर्जुनरावाला मक्त्याने दिलं. "तुले कसा इचारू?" ते म्हणाले. "राहतो का म्हणून इचाराले माह्यापाशी साल कुठं हाये? आठ दिवसापासून रोज ठरवतो, आज सांगतो, आज सांगतो." त्यांनी खिशातून गाठी काढली. घामाने आणि उन्हाने तिची साखर विरघळून सदऱ्याला चिकटली होती. "आनं ते पुडीचं. पोरीनं सांगितलं मले. अबे, ते मीच तुले म्हटलं होतं पहिल्या साली, फेकू नको, नांगे भर. तू इसरला, मी नाही इसरलो."

त्यांनी गाठी पुढे केली नाही. हातातच धरून बसले. गाठी दिली असती तर तिचा अर्थ काय, हे त्यांनाही ठाऊक होतं. जब्बारनेही हात पुढे केला नाही.

हरिओमला सोमवारी कामावर हजर व्हायचं होतं, म्हणून दुपारीच निघायचं ठरलं. सरवरीला कळलं तेव्हा ती खोलीत गेली आणि घटकाभराने शेवयांचं पातेलं घेऊन ओट्यावर आली. "जाणाऱ्याले खाऊ घालून धाडाचं असते," ती सत्यभामाबाईंना म्हणाली. "तुमच्याच घरची रीत हाये, बाई." सत्यभामाबाईंनी दोन घास खाल्ले आणि तिसरा त्यांना गिळवेना. म्हैस तुमचीच, त्या म्हणाल्या. खोलीत राहा, घराची किल्ली राहू द्या. अर्जुनरावाला सांगितलंय, तो बघेल. काय बघेल ते कुणीच विचारलं नाही, कारण अर्जुनराव आपली माणसं आणतो हे सगळ्यांना माहीत होतं. गाडीत बसताना त्या परत वळल्या. "जब्बार, दिवस बुडायच्या आत गुढी उतरव. राहून गेली."

"म्या?" जब्बार म्हणाला.

"मंग कोण?"

गाडी अगदी हळू चालली आणि जब्बार तिच्या शेजारून, मालकांच्या खिडकीला हात लावून चालला. "नाही राह्यत" म्हणणाऱ्याला वेशीपर्यंत पोचवायचं असतं. वेशीपाशी गाडी थांबली, नारायणरावांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

समीक्षा कॅमेरा घेऊन खाली उतरली. तिचे डोळे लाल झाले होते. "चाचा, शेवटचा एक. इथेच उभे राहा, वेशीत."

जब्बारने तळहात पुढे केला आणि भिंग झाकलं, हळूच, लहानपणी तिचे डोळे उन्हाने दिपू नयेत म्हणून झाकायचा तसं. "माहा नको, ताई," तो म्हणाला. "मी कुठं चाललो?"

गाडी चिखलीच्या रस्त्याला लागली तशी तो परत फिरला. दिवस कलायला आला होता. सरवरीने वेळूचा बुंधा धरला आणि त्याने जपून गुढी खाली घेतली. तांब्या काढला, साडीची घडी केली, निंब बाजूला ठेवला. गाठी सोडून हातात घेतली तेव्हा मात्र ती कुणाला द्यायची हे त्याला कळेना. सरवरीने ती त्याच्याकडून घेतली, अर्धी तोडली, आणि तो अर्धा तुकडा त्याच्यापुढे धरला.

"राह्यता का?" तिने विचारलं.

एकतीस वर्षांत या प्रश्नाचं उत्तर देताना त्याने कधी दम घेतला नव्हता. तो बंद दाराकडे बघत राहिला, मग गोठ्याकडे, मग नांगरून पडलेल्या वावराच्या दिशेने.

"पाह्यतो," तो म्हणाला, आणि बादली घेऊन म्हशीकडे गेला.